ओटोची बरणी

पागेभियांच्या घरी कुठल्याच पदार्थाला त्याचं स्वतःचं नाव नव्हतं. पालक, डाळ आणि चार भाज्या एकत्र घोटून केलेल्या सिंधी साईभाजीला ते ‘लखानीभाभी’ म्हणत. नारळाच्या दुधातल्या केरळी स्टूला ‘शेरीन सिस्टर’. मोमो म्हणजे ‘पेमाताई’. दर हिवाळ्यात इंदुरात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बायकांपैकी एकीने ते त्यांना शिकवले होते. “आज काय बेत?” असं जिन्यात विचारलं की उत्तर यायचं, “आज पेमाताई आहेत. सात वाजता या सगळे.” नवख्या माणसाला वाटायचं, घरात पाहुणे आलेत.

ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव, हा त्यांचा नियम होता. निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही होती, तिच्यात प्रत्येक पदार्थाच्या वर ‘अमक्याकडून’ असं लिहिलेलं. पुस्तकात वाचून किंवा मोबाइलवर बघून केलेला पदार्थ वहीत चढायचा नाही. “त्याला हात कुणाचा लागलाय?” ते विचारायचे. “बिघडला तर अपन विचारायचं कोणाला?”

त्या वहीत आपलं नाव असावं असं मला फार वाटायचं. बावन्नाव्या वर्षी हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं. पुढे ते नाव वहीत आलंही. कसं आलं, हे माझ्या मुलीला, चिनूला, मी आजवर सांगितलेलं नाही. तेच सांगायचं आहे, आणि पागेभियांबद्दल लिहिल्याशिवाय ते सांगता येणार नाही.

इंदूरच्या लालबागेच्या मागच्या अंगाला आमची तीन मजली इमारत आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, पागे तळमजल्यावर. इंदुरात भाऊ म्हणजे भिया. पोलोग्राउंडच्या एका गिअरच्या कारखान्यात ते फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. ठेंगणे, काटक, जाड बोटांचे. चाळीस वर्षं नखांत ग्रीस होतं, आता कणीक होती. मागच्या अंगणात त्यांनी पत्र्याचं पिंप आडवं करून, आत विटा आणि माती लावून स्वतः भट्टी केली होती. पाव झाला की तो उलटा करायचा, बोटाच्या पेरानं तळावर ठोकायचं आणि कान लावायचा. ओतीव लोखंडाला आतून तडा आहे का हे कारखान्यात असंच ठोकून बघतात म्हणे. आवाज पोकळ आला की “पास!” असं ओरडायचे आणि अंगणातली पोरं टाळ्या वाजवायची. त्या पोरांत माझी पोरगी सगळ्यांत पुढे असायची.

त्यांचं नाक विलक्षण होतं. जिन्याच्या तळाशी उभं राहून ते सांगायचे, “तिसऱ्या मजल्यावर हिंग संपलाय. सरजी, तुमच्याकडे आज मोहरी जळली.” मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून मी सरजी. माझी बायको मेधा खिडकीतून ओरडायची, “हौ भिया, फोन आला होता माहेरून!” आणि दोघंही हसायची. मोहरी मी जाळलेली असली तरी मी हसू शकायचो नाही.

खाली अंगणात उभे असले आणि मी खिडकीत दिसलो, तर हाक न मारता पाची बोटं जुळवून तोंडाकडे न्यायचे. जेवलात का? मी मान हलवायचो. हो म्हटलं तरी थोड्या वेळाने वाटी वर यायचीच.

या वाट्यांनी मला छळलं. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यांची वाटी यायची तर तिच्यात कधी सुदानहून शिकायला आलेल्या मूसा नावाच्या मुलाने शिकवलेले लसूण-लिंबाचे वाल, कधी बोहरी गल्लीतल्या सकिनाआपांचं डाळीचं आंबट सार. सगळं साधं, घरातल्या चार भांड्यांत होणारं. त्यांचं म्हणणंच होतं की चार वर्षांच्या पोराला आणि ऐंशीच्या आजीला एकाच पातेल्यातून वाढता आलं पाहिजे, नाहीतर ते हॉटेलात जाऊन खावं. आणि आमच्याकडून ती वाटी परत जाताना तिच्यात काय असायचं? साखर. नाहीतर दुकानातली लवंगेची शेव. मेधा म्हणायची, “अहो, त्यांना कुठे काय वाटतं?” त्यांना वाटत नव्हतं, हे मलाही माहीत होतं. मला वाटायचं.

आमच्या घरात कुणी उपाशी नव्हतं. मेधा छान स्वयंपाक करते. पण चिनू आमच्या ताटावर बसून विचारायची, “काकांकडे आज कोण आहे?” गणिताचा पेपर चांगला गेला की ती आधी तळमजल्यावर थांबून मग वर यायची. मला बातमी शिळी मिळायची. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज यायचा, तळमजल्याशी थांबायचा, आणि मी दार उघडून उगीचच उभा असायचो.

बरणीची गोष्ट आता सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

पागेभिया पंचविशीत असताना त्यांच्या कारखान्यात जर्मनीहून एक नवं यंत्र आलं आणि ते बसवायला ओटो नावाचा माणूस आला. चार महिने होता. याला जर्मन येत नाही, त्याला हिंदी येत नाही. ओटोला इंदूरचे पोहे आवडले, जिलबी आवडली, पण त्याच्या घरच्यासारखा पाव मिळेना. दुसऱ्या महिन्यात तो कासावीस व्हायला लागला. मग त्याने बॅगेतून एक पुडी काढली. घरचं पावाचं आंबवण वाळवून त्याचा चुरा केलेला. तो त्याने पीठपाण्यात भिजवून जिवंत केला. भाजायचं कुठे? तर गिअर कडक करायची भट्टी शनिवारी दुपारी बंद व्हायची, आणि संध्याकाळपर्यंत तिचा ताव उतरून पावाला बरोबर यायचा.

“काय सांगू सरजी, अख्ख्या पोलोग्राउंडला वास! मॅनेजर धावत आला, ये क्या लगा रखा है करून. ओटो घाबरला. मी पावाचा तुकडा तोडला आणि साहेबाच्या हातात ठेवला. म्हटलं, साहेब, आधी खा, मग बोला.”

“मग?”

“मग काय! तोंड भरल्यावर माणूस ओरडेल कसा? पुढच्या शनिवारी स्वतः लोणी घेऊन आला.”

तेव्हापासून ‘आधी खा’ हे त्यांचं ब्रीद झालं. कुणी भांडण घेऊन आला, गाऱ्हाणं घेऊन आला, माफी मागायला आला, तर ते हातात काहीतरी ठेवायचे. इमारतीतली निम्मी भांडणं त्यांच्या ओट्याशी येऊन विरली. खाऊन झाल्यावर बोलायला फारसं उरायचंच नाही.

जाताना ओटोने ते आंबवण एका लोणच्याच्या बरणीत घालून त्यांच्या हाती दिलं आणि दोन्ही हातांचा पाळणा करून हलवून दाखवला. मूल समजून सांभाळ. पुढे दर नव्या वर्षाला त्याचं कार्ड यायचं. एका वर्षी कार्ड त्याच्या बायकोचं आलं, काळ्या किनारीचं. “माणूस गेला,” पागेभिया बरणीवर हात ठेवून म्हणायचे, “पण इथे रोज श्वास घेतोय नं.” त्या बरणीचं नाव ओटो. रविवारच्या पावाचं नाव ओटो. चिनू शाळेत जाताना त्यांच्या खिडकीतून आत बघून म्हणायची, “ओटो उठला का काका?”

मी एकदा प्रयत्न करून पाहिला. मेधाच्या वाढदिवसाला कुकरमध्ये केक करायचं ठरवलं. बिनअंड्याचा, मुलांना आवडेल असा. शाळेतल्या प्रयोगशाळेच्या तराजूवर मैदा, साखर, खाण्याचा सोडा, सगळं ग्रॅमात मोजून आणलं. शिट्टी काढली, तळाला मीठ घातलं. चिनू ओट्याशी उभी होती. “बाबा, हे तुमचं म्हणायचं का मग?” तिने विचारलं आणि मला गुदगुल्या झाल्या. अर्ध्या तासाने खालून आवाज आला.

“सरजी! दही विसरलात का?”

सोड्याला आंबट लागतं, तरच वायू सुटतो, हे मी दरवर्षी फळ्यावर समीकरण लिहून शिकवतो. दही फ्रिजमध्ये तसंच होतं. केक तव्यासारखा चपटा, आणि चव साबणाची. पागेभिया वर आले. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनीच हात वर केला. “आधी खातो.” त्यांनी एक अख्खा तुकडा शांतपणे खाल्ला, वर पाणी प्यायले. मग म्हणाले, “संत्री आहेत का भाभी?” उरलेल्याचा चुरा, त्यावर तीन संत्र्यांचा रस, वर घट्ट दूध आणि मलई. संत्र्याच्या रसाने साबण मारला. रात्रीच्या जेवणाआधीच पातेलं रिकामं झालं.

“काकांचं पुडिंग!” चिनू ओरडली.

“अरे नाही, हे सरजींचं,” ते म्हणाले. “मी तर फक्त संत्री पिळली.”

“बाबांचं तर साबण होतं!”

सगळे हसले. मेधासुद्धा. पागेभिया हसले नाहीत, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेच मला सहन झालं नाही. माझा बिघडलेला पदार्थही त्यांच्या नावावर गेला होता, आणि वरून त्यांना माझी दया येत होती. निदान मला तसं वाटलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या पत्नीच्या, सुनंदावहिनींच्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया पुण्याला ठरली. त्यांची लेक तिथे असते. तीन आठवड्यांचा मुक्काम. निघायच्या आदल्या दिवशी ते बरणी घेऊन वर आले. मला वाटलं चिनूकडे देतील. पण त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

“सरजी, तुमच्या भरवशावर. रोज संध्याकाळी अर्धं काढायचं, त्याची धिरडी करा. उरलेल्यात दोन चमचे मैदा आणि कोमट पाणी. कोमट म्हणजे कसं, तर बाळाच्या आंघोळीला चालेल असं. गरम नाही हं. झाकण सैल.”

“सायन्सच आहे भिया,” मी म्हणालो.

“म्हणून तर तुम्हाला देतोय.”

पहिले काही दिवस मी ते मनापासून केलं. खरंच केलं. पण चिनूने हळूहळू बरणीचा ताबा घेतला, आणि रोज संध्याकाळी पुण्याला व्हिडिओ कॉल सुरू झाला. ती फोन बरणीच्या काचेला लावायची. “काका, आज बुडबुडे बघा!” मी बाजूच्या खुर्चीत पेपर तपासत बसलेलो. ती त्यांना सगळं सांगायची. वर्गात कोण काय म्हणालं, कुणी तिला चिडवलं, बाईंनी वही का फाडली. वही फाडली? मला हे ठाऊकच नव्हतं. मी त्याच घरात होतो.

बाराव्या दिवशी फोनमधून आवाज आला, “सरजींनी ओटोला मस्त सांभाळलंय रे!”

“छे! बाबांना कुठे जमतंय काका? मीच करते सगळं. बाबा तर त्याचा पण साबण करतील.”

मी पेपरवर लाल रेघ ओढत राहिलो. त्या पोराचे दोन गुण मी उगीच कापले, हेही आज आठवतं.

दुसऱ्या दिवशी चिनू शाळेच्या सहलीला मांडूला गेली, एका मुक्कामासाठी. संध्याकाळी मेधा बाजारात गेली होती. मी चहाचं पाणी ठेवलं होतं. बरणीतलं अर्धं काढलं, दोन चमचे मैदा घातला आणि पातेल्यातलं उकळतं पाणी तिच्यात ओतलं.

घाईत चूक झाली असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. नळ हाताच्या अंतरावर होता. साठ अंशांच्या वर आंबवणातले जीव मरतात, हे मी गेली वीस वर्षं पोरांना लिहून देतो आहे. पाणी ओतताना वाफ वर आली आणि शिजलेल्या खळीसारखा वास आला. मी हात थांबवला नाही. जरा जास्तच ओतलं. मग झाकण सैल ठेवलं, त्यांनी सांगितलं होतं तसं, आणि चहा घेतला.

सकाळी बरणीत तळाशी चिकट गोळा आणि वर राखाडी पाणी. मी हलवून पाहिलं, मैदा घातला, स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलं. काही नाही. ओटोची काळजी मला तेव्हाही नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. भीती होती ती संध्याकाळी बसमधून उतरणाऱ्या चिनूच्या चेहऱ्याची.

शाळेतून अर्धी रजा काढून मी कृष्णपुऱ्याजवळच्या एका जिलबीवाल्याकडे गेलो. कालचं आंबलेलं पीठ वाटीभर मागितलं. तो कढईवरून मान वर न करता म्हणाला, “घर पे बनाओगे भिया? बिगड़ जाएगी.” मी म्हटलं, बिगड़ने दो. घरी येऊन बरणी धुतली, जिलबीवाल्याचं खमीर तिच्यात ओतलं, मैदा घातला, कोमट पाणी घातलं. बोट बुडवून दोनदा पाहिलं कोमट आहे ना ते. चारपर्यंत बरणी काठोकाठ फुगली.

चिनू दप्तर खांद्यावर ठेवूनच स्वयंपाकघरात गेली. “बाबा! एवढं तर कधीच फुगलं नव्हतं! तुम्ही एकट्यानं केलं?”

“हो.”

“अरे वा, बाबा!” आणि तिने मला मिठी मारली. मला फार बरं वाटलं. सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट तीच आहे. दोन-तीन दिवस मी शाळेत शीळ घालत गेलो.

पागेभिया आले ते रविवारी सकाळी. बरणी मी स्वतः खाली घेऊन गेलो. भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यांनी झाकण काढलं, बरणी नाकाशी नेली, आणि तशीच धरून ठेवली. मोहरी जळली तर ज्याला तळमजल्यावर कळतं त्या माणसाला काय कळलं नसेल? मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. प्रवासातले मोजे अजून पायात होते.

“हं,” ते म्हणाले. मग झाकण परत ठेवत, “वाढलंय चांगलं.”

“भिया, ते जरा...” मी सुरुवात केली होती. शपथेवर सांगतो, केली होती.

त्यांनी पुण्याहून आणलेल्या बाकरवडीचा डबा पुढे केला. “आधी खा.”

मी खाल्ली. त्यांनी बाही वर केली आणि पीठ मळायला घेतलं. दुपारी भट्टी पेटली, पोरं जमली. पाव ठोकला, कान लावला. “पास” म्हणायला त्यांना नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला. पाव हलका झाला होता, सगळ्यांना आवडला. आणि त्या दिवशी पावाबरोबर त्यांनी काय वाढलं, तर पोहे. वर शेव, बडीशेप, डाळिंबाचे दाणे.

“पावाबरोबर पोहे?” मेधा हसत म्हणाली. “भिया, पोह्यांबरोबर तर जिलबी लागते!”

“आजच्या पावाला पोहेच पाहिजेत भाभी,” ते म्हणाले. माझ्या बशीत त्यांनी स्वतःच्या हाताने वाढलं. टोमणा नव्हता तो. त्यांच्या आवाजात मी आजवर टोमणा शोधतो आहे, सापडत नाही. सुनंदावहिनी पलंगावरून विचारत होत्या, “ओटोला पुण्याची हवा नाही लागली नं?” ते अंगणात जाऊन भट्टीतली राख ओढत बसले. बराच वेळ बसले.

त्यानंतर चार वर्षं रविवारी पाव होत राहिला. एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ते त्याला ओटो म्हणेनासे झाले. लखानीभाभी होत्या, पेमाताई होत्या, मूसा होता. पाव मात्र नुसता पाव. पोरं म्हणायची ओटो, ते दुरुस्त करायचे नाहीत, पण स्वतः म्हणायचे नाहीत. मी रोज ठरवायचो, आज सांगू. जिन्यात भेट व्हायची, त्यांची बोटं तोंडाकडे जायची, मी मान हलवायचो.

मग सुनंदावहिनींना एकटीने घर झेपेना, लेकीने हट्ट धरला आणि पुण्याला कायमचं जायचं ठरलं. शेवटच्या रविवारी अख्खी इमारत अंगणात होती. त्यांनी भांडी वाटली, डबे वाटले. बरणी आणि निळी वही चिनूला दिली. ती पंधरा वर्षांची झाली होती. भट्टीजवळच्या पायरीवर बसून तिने वही उघडली आणि मोठ्याने नावं वाचायला लागली, आणि ज्याचं त्याचं नाव आलं की लोक ‘हो हो’ करत होते. लखानीभाभी तर रडल्याच.

“पाव,” चिनूने वाचलं. “ओटोकडून.” मग थांबली. “काका, हे खोडलंय?”

मी टॉवेलने ताट पुसत होतो.

“खाली लिहिलंय, प्रकाश सरांकडून.” तिने वर पाहिलं. “बाबा, तुमचं नाव! काकांना पाव तुम्ही शिकवला? कधी?”

एकाच सरळ रेघेने खोडलं होतं, कारखान्याच्या नकाशात खोडतात तसं, खालचं वाचता येईल असं. शाई जुनी होती. नियम नियमच होता. ज्याच्याकडून आलं त्याचं नाव.

पागेभिया भट्टीकडे तोंड करून होते. मी त्यांच्याजवळ गेलो. “भिया,” मी म्हणालो, “मला बोलायचंय.” त्यांनी मागे न बघता पावाचं टोक तोडलं, कडक, मला आवडतं ते टोक. माझी ही आवड त्यांना कधीपासून माहीत होती कोण जाणे. तोडलेला तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला.

“आधी खा, सरजी.”

मी खाल्लं. आंबूस होतं, गोडसर, आणि गरम. माझा घास संपेपर्यंत टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

चिनूचा प्रश्न तसाच राहिला. मी “नंतर सांगतो” म्हणालो आणि चार वर्षं नंतरच म्हणत आलो. ती आता बडोद्याला शिकते, बरणी तिच्या खोलीत आहे. गेल्या महिन्यात पागेभिया पुण्यात वारले. तिने रडत फोन केला आणि रडता रडताच म्हणाली, “मैत्रिणी विचारतात या पावाचं नाव काय. मी सांगते, माझ्या बाबांचं.” उद्या ती घरी येते आहे. ती जेवेल, मग हे कागद मी तिच्यापुढे ठेवणार आहे. त्या रेघेखालचं ओटोचं नाव तिने पुन्हा वर लिहावं आणि माझं खोडावं असं वाटतं. ती काय करेल ते मला माहीत नाही. ती कदाचित खूप दिवस बोलणार नाही.

पण पागेभिया म्हटलं की मला दिसते ती त्या रविवारची टॅक्सी. सामान चढलं, वहिनी मागे बसल्या, ते पुढे. काच खाली. गाडी हलली, आणि फाटकापाशी एकदम थांबली. त्यांनी डोकं बाहेर काढलं, नाक वर केलं.

“सरजी! तुमच्याकडे दूध उतू जातंय!”

सगळे हसले. मी जिन्यावरून धावत सुटलो. दूध खरंच कडेपर्यंत आलं होतं, पहिला ओघळ गॅसवर पडत होता. मी शेगडी बंद केली आणि खिडकीशी धावलो. टॅक्सी लालबागेच्या भिंतीकडे वळत होती. पुढच्या खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला होता. पाची बोटं जुळवलेली.

मी मान हलवली. तोंडात अजून घासाची चव होती. एवढ्या लांबून त्यांना ते दिसलं नसणार.